कोचची दुसरी शिट्टी

कोच गॅदर्स यांनी मरताना आपली पितळी शिट्टी मनोहर देवपुजारीच्या नावावर करून ठेवली, ही बातमी मिनेसोटातल्या ईडन प्रेरीच्या मराठी मंडळात पाडव्याच्या जेवणाच्या पहिल्या पंगतीला निघाली आणि दुसऱ्या पंगतीपर्यंत तिला शेपूट फुटलं. शिट्टीबरोबर एक पत्रही आहे म्हणे. तिसऱ्या पंगतीला, म्हणजे श्रीखंड संपून नुसतं सांडग्यांवर भागवायची वेळ आली तेव्हा, कोचनी मनोहरला मुलगाच मानलं होतं इथपर्यंत गाडी पोचली.

बातमी सोडली मनोहरच्याच रस्त्यावर राहणाऱ्या मंजुषाने. पार्किंगमध्ये मनोहरने किल्लीसाठी जॅकेटच्या खिशात हात घातला आणि किल्लीच्या आधी शिट्टी बाहेर पडून डांबरावर वाजली.

"अय्या, ही कोचची ना रे?"

"हो. दिली त्यांनी," मनोहर म्हणाला आणि गाडीत बसून काच वर केली.

मंजुषाला तेवढं पुष्कळ होतं. पण खरं सांगायचं तर कोचनी मनोहरला काही दिलं नव्हतं. शिट्टी मनोहरने उचलली होती. आणि ज्या घरातून उचलली त्या घरातली ऐंशीची बाई दोन महिने तीच शिट्टी शोधत होती.

मनोहर चोर नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. चोरीला लागते ती चपळाई त्याच्यात नाही. मूळचा नागपूरचा, वय त्रेपन्न, एका विमा कंपनीत डेटाबेस सांभाळतो, आणि उभ्या मिनेसोटात त्याची ख्याती एकाच गोष्टीसाठी आहे: पाच मिनिटं. "निघालोच, पाच मिनिटांत पोचतो," हे तो अंगाला साबण लावलेला असताना फोनवर सांगू शकतो. त्याची बायको रत्ना म्हणते, "माझ्या लग्नात भटजींच्या अक्षता वाटून झाल्या तरी हा 'पाच मिनिटं' म्हणत बूट शोधत होता. तेव्हाच मी शहाणी व्हायला हवं होतं."

अशा माणसाला शेजारी मिळावा तो कोण? जन्मभर स्टॉपवॉच गळ्यात घालून जगलेला.

त्यांचा रस्ता जिथे गोल वळून संपतो तिथे पाच घरं आहेत. त्यातली दोन समोरासमोर, एक देवपुजारींचं आणि एक गॅदर्स यांचं. बारा वर्षांपूर्वी, नव्या घरातल्या पहिल्याच हिवाळ्यात मनोहर कमरेत वाकून फावड्याने बर्फ उचलत होता. दोन फावडी झाली की एकदा "आई गं". समोरून दोन आखूड शिट्ट्या आल्या. लाल लोकरी टोपी घातलेला, सहा फूट तीन इंचांचा एक वृद्ध कृष्णवर्णीय माणूस आपल्या पत्रपेटीशेजारी उभा होता.

"उचलू नकोस! ढकल! पाठ कशाला मोडतोस, पाय दिलेत ना देवाने?"

मनोहरने घाबरून ढकलायला सुरुवात केली आणि पंधरा मिनिटांत काम संपलं. मग तो माणूस म्हणाला, "आता माझा ड्राइव्हवे." तोही झाला. गुडघे दोन्ही नकली, त्यामुळे त्या माणसाने स्वतः एक चमचाभर बर्फही हलवला नाही. नुसता उभा राहून ओरडला. त्या दिवसापासून हा रिवाज पडला. नगरपालिकेचा बर्फ सारायचा नांगर रस्ता साफ करत गेला की दोन्ही घरांच्या तोंडाशी बर्फाचा बांध पडायचा. तो पडला की दोन आखूड शिट्ट्या. शिट्टीनंतर मनोहर आला नाही तर थोड्या वेळाने पुन्हा दोन. ही दुसरी शिट्टी वाजली की शिक्षा म्हणून पत्रपेट्यांभोवतीचं आवारही मनोहरकडे. बारा वर्षांत पहिल्या शिट्टीला तो तीनदा आला असेल. मोजायची गरज नाही, कोचनी मोजलं होतं.

शेजारी अमेरिकन फुटबॉलचे नावाजलेले कोच राहतात हे मनोहरला दुसऱ्या हिवाळ्यात कळलं. तोवर तो त्यांना शाळेतले निवृत्त पीटीचे सर समजत होता, आणि फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा. एका शनिवारी पन्नाशी-साठीतली, खांदे दरवाज्यात न मावणारी सात-आठ माणसं गॅदर्स यांच्या अंगणात ओळीने उभी दिसली. कोणी घंटी वाजवेना. मनोहरने विचारलं, मदत हवी का? त्यातला एक म्हणाला, "नाही, आम्हाला एकला बोलावलंय." पावणेएक वाजले होते. तेवढ्यात दार उघडलं आणि आतून आवाज आला, "वेळेवर आलात."

गॅरेजमध्ये एक गोल घड्याळ आहे. ते पंधरा मिनिटं पुढे आहे. बिघडलेलं नाही, लावलेलंच तसं आहे. कोच अलाबामातले. तरुणपणी एका कॉलेजात मुलाखतीला गेले, दहाची वेळ होती, दहाला पोचले. दारावरचा माणूस म्हणाला, वेळ पावणेदहाची होती, उशीर झाला, जा. पत्र खिशात होतं, त्यावर दहा लिहिलेलं होतं. पत्र दाखवून उपयोग नव्हता. "काळ्या माणसाने वेळेवर येणं म्हणजे उशिरा येणं, हे मला त्या दारात कळलं," कोच चहाच्या कपावर हात शेकत म्हणाले होते. "घरी जाऊन घड्याळच पुढे केलं. मग माझी सगळी टीम त्याच घड्याळावर चालली."

टीम मिळायला आणखी सात वर्षं लागली. उत्तरेकडच्या एका लहानशा कॉलेजाने त्यांना मुख्य कोच नेमलं. त्या भागातल्या कॉलेजांमध्ये हा मान मिळालेला पहिला कृष्णवर्णीय माणूस. पहिल्या हंगामात नऊ सामने, आठ हरले. गावातले लोक संध्याकाळी येऊन त्यांच्या हिरवळीवर 'घर विकणे आहे' अशा पाट्या ठोकून जायचे. सतरा पाट्या झाल्या. व्हर्डेलबाईंनी, म्हणजे मिसेस गॅदर्सनी, पाट्या उपटल्या, खुंट्या परसात रोवल्या आणि त्यांवर टोमॅटोचे वेल चढवले. चौथ्या वर्षी टीम पहिली आली तेव्हा ते टोमॅटो त्यांनी पाट्या ठोकणाऱ्यांच्या घरी टोपलीतून पाठवले. हे सांगताना कोच हसायचे. व्हर्डेलबाई हसायच्या नाहीत. "मी खुंट्या मोजून ठेवल्या होत्या," एवढंच म्हणायच्या.

त्यांना मनोहर 'मिस व्हर्डेल' म्हणे. वडीलधाऱ्या बाईला नुसतं नावाने हाक मारायची नाही, हे दक्षिणेतलं वळण कोचनीच त्याला शिकवलं होतं. रत्नाने सरळ 'व्हर्डेलमावशी' सुरू केलं. अर्थ ऐकल्यावर बाई म्हणाल्या, "आईची बहीण? चालेल. तुझ्या आईला विचार फक्त." कोच मात्र काका व्हायला तयार झाले नाहीत. "मला सगळे कोच म्हणतात. माझी बायकोसुद्धा. भांडण असलं की तर हमखास."

बर्फ काढून झाला की रत्ना आल्याच्या चहाचा थर्मास द्यायची आणि दोघं गॅरेजमध्ये उलट्या बादल्यांवर बसायचे. एकदा कोचनी विचारलं, "मनोहर, मी आयुष्यभर सेकंद मोजले. मला समजावून सांग, तुझ्या पाच मिनिटांत मिनिटं किती?"

"कोच, आमच्यात पाच मिनिटं म्हणजे, विसरलेलो नाही, एवढंच."

कोच म्हणाले, "म्हणजे हे घड्याळच नाही. ही नुसती दिलाशाची गोळी."

आता तो दिवस.

जानेवारीतला शेवटचा शनिवार. सकाळी बर्फ पडून गेला होता, बाहेर उणे पंधरा. मिस व्हर्डेल चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेलेल्या. रत्ना दुकानात. मनोहर डायनिंग टेबलाशी बसून मंडळाच्या कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर युद्ध खेळत होता. पुढच्या रविवारी संक्रांतीचा कार्यक्रम. शैलेंद्र म्हणत होता, मी शिकागोला चाललोच आहे, डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून तिळगूळ आणतो. मनोहरचं म्हणणं, तिथल्या लाडवांत तीळ शोधावे लागतात, घरी करू. तेवढ्यात बाहेर दोन आखूड शिट्ट्या झाल्या. तीन वाजून दहा मिनिटं. त्याने फोनवरच कोचना टाकलं, 'पाच मिनिटांत येतो,' आणि पुन्हा तिळांकडे वळला.

दुसरी शिट्टी आली नाही.

ते त्याच्या लक्षात आलं होतं. गोष्ट सगळी इथेच आहे. लक्षात आलं नसतं तर तो आज सुखाने झोपला असता. पण त्याने मान वर केली, दोन क्षण कान दिला, आणि मनात म्हणाला, चला, आज म्हातारबुवा खुशीत आहेत. त्याला बरं वाटलं. उठून त्याने चहा टाकला, आलं किसलं, चहा उकळेपर्यंत शैलेंद्रला आणखी दोन टोमणे मारले आणि थर्मास घेऊन बाहेर पडला तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती.

गॅरेजचं दार अर्धं वर होतं. कोच उलट्या बादलीवर बसलेले, पाठ फळीला टेकलेली, टोपी एका कानावर आलेली. तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे उघडे. शिट्टी जमिनीवर. भिंतीवरचं घड्याळ चार वाजून पाच मिनिटं दाखवत होतं.

त्याने फोन केला. ॲम्ब्युलन्स सहा मिनिटांत आली, खऱ्या सहा मिनिटांत. माणसं आत धावली, खोकी बाजूला सारली, आणि कोणाच्या तरी बुटाखाली येऊ नये म्हणून मनोहरने शिट्टी उचलून खिशात टाकली. स्ट्रेचर त्याच्या शेजारून गेलं तेव्हा कोचनी त्याच्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं पाहिलं, आणि मग नजर वर, घड्याळाकडे नेली.

तीन दिवसांनी ते गेले.

शिट्टी त्याच दिवशी परत करता आली असती. पण शिट्टी दिली की प्रश्न येणार, तुला कुठे मिळाली. मग ती ऐकू आली होती का. मग किती वाजता. मग तू काय करत होतास. त्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर होतं, तिळगूळ. हे उत्तर कोणत्या तोंडाने द्यायचं? अंत्यसंस्काराला तो त्याच जॅकेटमध्ये गेला. शिट्टी खिशात. लोक येऊन त्याचा हात हातात घेत होते, "तुम्हीच ना ते, ज्यांनी फोन केला?"

मग ऐकू येण्याचं सुरू झालं. फेब्रुवारीत बर्फ पडला, नांगर गेला, आणि मनोहर हातातलं काम सोडून खिडकीशी. नुसत्या सपातांवर अंगणात जाऊन उभा.

"काय झालं?" रत्नाने विचारलं.

"शिट्टी."

"शिट्टी तुझ्या खिशात आहे, मनोहर."

"माहीत आहे."

ऐकू यायची ती पहिली. दोन आखूड, स्पष्ट. ती झाली की तो दुसरीची वाट पाहत थांबायचा. दुसरी यायची नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कोणी अर्धं वाक्य बोलून थांबलं की तो खुर्चीतून अर्धा उठायचा. मायक्रोवेव्ह दोनदा वाजून थांबला तरी.

गॅदर्स यांचा ड्राइव्हवे तो एकट्याने साफ करत राहिला, शिट्टीशिवाय, आणि गंमत म्हणजे वेळेवर. फक्त पत्रपेटीशेजारची, कोच उभे राहत ती दोन हात जागा त्याच्याकडून साफ होईना. फावडं तिथवर जायचं आणि वळायचं. पहिल्या वेळी घोट्याएवढा बर्फ राहिला, मग गुडघ्याएवढा, मार्च लागला तेव्हा कमरेएवढा खांब उभा झाला होता. टपाल टाकणारी बाई त्याला वळसा घालून जायची. मंजुषाने त्याचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवला, 'वरचा भाग बघा, टोपी दिसतेय की नाही?' खरं तर दिसत नव्हती. पण मनोहरने संध्याकाळी खिडकीचा पडदा ओढायला सुरुवात केली ती त्यानंतर.

इकडे मिस व्हर्डेलचा शोध चालूच होता. एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी कॉलेजात कोचची स्मृतिसभा होती. मैदानाच्या दारात काचेची पेटी लागणार होती, तीत शिट्टी हवी होती. त्यांनी हॉस्पिटलला विचारलं, चर्चच्या गाडीतल्या गाद्या उचकटल्या. एक दिवस मनोहरलाच बोलावलं. "गॅरेजमधला मोठा फ्रीजर हलवशील? मागे पडली असेल." मनोहरने तो फ्रीजर हलवला. छातीशी लावून, पायांच्या जोरावर, कोचनी शिकवल्यासारखा. खाली वाकला तेव्हा खिशातली शिट्टी त्याच्या बरगडीत रुतली. "नाही दिसत," तो म्हणाला. घरी येऊन मात्र जेवला नाही.

"अरे, नेऊन दे!" रत्ना म्हणाली. "काय करतील? खातील तुला?"

"देतो."

"कधी?"

तो 'पाच' म्हणणार होता. म्हणाला नाही. त्या दिवसांत तो शब्द त्याच्या तोंडून निघेनासा झाला होता.

आणि मग पाडवा, पार्किंग आणि मंजुषा. मंजुषाने पुढच्याच आठवड्यात किराणा दुकानात मिस व्हर्डेलना गाठलं. "कोचनी शिट्टी मनोहरला दिली हे ऐकून इतकं भरून आलं ना मला," असं म्हणत तिने त्यांना मिठीच मारली. मिस व्हर्डेलनी मिठी मारून घेतली, कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली आणि घरी गेल्या.

स्मृतिसभेच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला.

"मनोहर, ऐकते की कोचनी तुझ्यासाठी काही ठेवलंय."

मनोहरने खुंटीवरच्या जॅकेटकडे पाहिलं.

"दोनला गॅरेजमध्ये ये," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

रत्नाने नंतर शपथेवर सांगितलं की साडेबाराला तो जॅकेट घालून सोफ्यावर बसला होता. पावणेदोनला त्याने रस्ता ओलांडला. पत्रपेटीशेजारचा खांब आता वीतभर उरला होता, काळपट, एका बाजूला कललेला. त्याला वळसा घालून तो गॅरेजमध्ये शिरला. मिस व्हर्डेल खुर्चीवर बसल्या होत्या, कोचची लाल टोपी मांडीवर. डोक्यावरच्या घड्याळात बरोबर दोन वाजले होते.

"वेळेवर आलास," त्या म्हणाल्या.

त्याने शिट्टी काढून टोपीवर ठेवली. "मला दिली नव्हती त्यांनी. मी इथूनच उचलली. त्या दिवशी."

"ठाऊक आहे."

"ठाऊक?"

"हॉस्पिटल, चर्च सगळीकडे विचारून झाल्यावर मी ॲम्ब्युलन्सवाल्याला विचारलं होतं. म्हणाला, तुमच्या शेजाऱ्याने उचलली."

"मग... मग तुम्ही मला तो फ्रीजर हलवायला लावलात!"

"वाटलं, फ्रीजर जड आहे, खिसाही जड असेल. दोनातलं एक तरी खाली ठेवशील." त्यांनी शिट्टीवरची धूळ अंगठ्याने पुसली. "धड माणूस आहेस तू, पण फार ताकदवान निघालास."

मनोहर उलट्या बादलीवर बसला. मग लक्षात आलं की ती कोचची बादली, म्हणून उठला आणि दुसरीवर बसला.

"अजून एक आहे, मिस व्हर्डेल."

"बोल."

"शिट्टी मला ऐकू आली होती. तीन दहाला. मी घरीच होतो. काही करत नव्हतो. म्हणजे, तिळाच्या लाडवांवरून भांडत होतो. मी त्यांना लिहिलं, पाच मिनिटांत येतो. दुसरी शिट्टी आली नाही, आणि मला..." त्याने वर घड्याळाकडे पाहिलं. "मला बरं वाटलं. सुटलो असं वाटलं. मी चाळीस मिनिटांनी आलो."

बाहेर खांबाचं पाणी गटाराकडे वाहत होतं.

"फोन त्यांच्या खिशात होता," त्या म्हणाल्या. "मी त्याच संध्याकाळी वाचलं. पुढचे दोन आठवडे तू बर्फ काढायला आलास की मी आतून दाराला कडी घालत होते. तुला ऐकू जावी म्हणून दोनदा घालत होते."

"मी वेळेवर आलो असतो तर..."

"ते मी डॉक्टरला विचारलं नाही. तूही विचारू नकोस. ही शिट्टी तू मला परत दिलीस, ते उत्तर कोणाला परत देशील?"

वर घड्याळाचा काटा सरकला. मिस व्हर्डेलनी शिट्टी टोपीत गुंडाळली.

"उद्या तुला बोलायचंय," त्या म्हणाल्या. "कॉलेजातले सगळे 'पहिला, पहिला' करतील. शंभर म्हातारे खेळाडू येतील, पंधरा मिनिटं आधी येऊन बसतील आणि रडतील. गेली बारा वर्षं त्यांनी कोणाला कोचिंग केलं, हे कोणीतरी सांगायला हवं."

"मी? मी काय सांगू? मी उशीर केला, हे सांगू?"

"हॉस्पिटलमधलं सांग."

"मी नव्हतो तिथे."

"मी होते. दुसऱ्या दिवशी त्यांची जीभ थोडी वळायला लागली. अर्ध्या तोंडाने बोलायचे. मी त्यांना फोनवरचे निरोप वाचून दाखवत होते, त्यांच्या जुन्या टीममधल्या मुलांचे. वाचता वाचता तुझा आला. आदल्या दिवशीचा. वाचू की नको असं झालं. पण त्यांना माझ्या तोंडावरून कळायचं, म्हणून वाचला. 'मनोहर म्हणतोय, पाच मिनिटांत येतो.' आणि मनोहर, ते हसले. अर्धंच हसू होतं, पण त्यांचंच होतं. माझा हात दाबून म्हणाले..."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, 'पाच मिनिटं म्हणाला? मग माझ्याकडे अजून बराच वेळ आहे.'"